सर्वांना जागा देणारा वाद्यवृंद : ॲलेक्सिस कॉर्नर यांचे जीवन

मागे एकदा शाळेच्या सहलीला मुले घरचे कपडे घालून आली होती. त्यांतील दोघांच्या सदऱ्यावर लाल ओठांतून बाहेर काढलेल्या जिभेचे चित्र होते. हे चित्र कशाचे आहे, असे आम्ही सहज विचारले. एकाला ठाऊक नव्हते. दुसऱ्याने मोठ्या ऐटीत रोलिंग स्टोन्स हे नाव सांगितले. ते कोण, तर इंग्लंडमधील फार प्रसिद्ध वादक, एवढे त्याला माहीत होते. पण या वादकांना ते कोणीच नव्हते तेव्हा व्यासपीठावर कोणी बोलावले, हा प्रश्न आम्ही विचारला आणि सगळी बस गप्प झाली. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसांतही हे नाव फार थोड्यांना माहीत असते.

वाचकहो, फळाने लगडलेले झाड सर्वांना दिसते; त्याच्या मुळाशी कोणी पाणी घातले याची चौकशी कोणी करीत नाही. आज आम्ही ज्या गृहस्थांची ओळख करून देणार आहोत, त्यांनी जन्मभर असेच पाणी घातले. त्यांचे नाव ॲलेक्सिस कॉर्नर. ब्रिटिश ब्लूज संगीताचे जनक असे त्यांना म्हटले जाते. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव होते ब्लूज इन्कॉर्पोरेटेड. या वाद्यवृंदात आज कोण वाजवणार हे पुष्कळदा संध्याकाळ झाल्यावरच ठरत असे. आजचा वादक पुढच्या आठवड्यात असेलच याची खात्री नसे, आणि आज श्रोत्यांत उभा असलेला मुलगा पुढच्या आठवड्यात गाताना दिसे. एका शहरातील एका तळघरात चाललेल्या या ये-जा करणाऱ्या मेळ्यातून पुढे जगभर गाजलेले कितीतरी कलावंत निघाले.

अनेक देशांचा मुलगा

ॲलेक्सिस कॉर्नर यांचा जन्म 19 एप्रिल 1928 रोजी पॅरिस शहरात झाला. वडील ऑस्ट्रियातील ज्यू घराण्यातले, तर आईचे मूळ ग्रीक. बालपण फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि उत्तर आफ्रिका अशा ठिकाणी गेले. 1940 मध्ये, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षी, ते लंडनला आले. म्हणजे ज्या इंग्लंडच्या संगीताला त्यांनी नवे वळण दिले, तो त्यांचा जन्माचा देशही नव्हता. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि शाळेत तिसरी हा अनुभव आपल्या बेटावरील कुटुंबांना नवा नाही. अशा मुलाला एक गोष्ट लवकर कळते. आपले काय आणि परके काय याची रेघ लोक समजतात तितकी ठळक नसते.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. जर्मन विमाने लंडनवर बाँब टाकीत होती. अशाच एका हवाई हल्ल्याच्या वेळी या मुलाने जिमी यान्सी नावाच्या अमेरिकन वादकाची तबकडी ऐकली. यान्सी हे शिकागो शहरातील काळे पियानोवादक. पियानो वाजवून त्यांचे पोट भरत नसे; तेथील एका बेसबॉल संघाच्या मैदानाची निगा राखण्याची नोकरी त्यांनी कित्येक वर्षे केली. डाव्या हाताने सारखा फिरणारा ठेका आणि उजव्या हाताने त्यावर खेळणारे सूर, अशी त्यांची वाजवण्याची रीत होती. बाहेर बाँब पडत असताना ऐकलेल्या त्या संगीताने मुलाच्या मनात घर केले. आता आयुष्यात हेच वाजवायचे, असे त्याने ठरवले.

युद्ध संपल्यावर सक्तीच्या लष्करी सेवेसाठी कॉर्नर जर्मनीत गेले. तेथे ब्रिटिश सैनिकांसाठी चालणाऱ्या रेडिओशी त्यांचा संबंध आला. परत आल्यावर 1949 मध्ये ख्रिस बार्बर यांच्या जाझ वाद्यवृंदात ते वाजवू लागले. 1950 मध्ये कलासमीक्षक रॉबर्ट मेल्व्हिल यांच्या कन्या रॉबर्टा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या कार्यात या बाईंचा वाटा मोठा आहे. लंडनच्या बेजवॉटर भागातील त्यांच्या घरी अमेरिकेतून आलेले ज्येष्ठ गायक उतरत, आणि पुढे खिशात पैसे नसलेले तरुण वादकही येऊन पडत. कित्येकांनी त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरूण टाकून रात्र काढली आहे. पाहुण्याला नाही म्हणायचे नाही, हा त्या घराचा नियम होता.

ब्लूज म्हणजे काय

येथे थोडे थांबून ब्लूज म्हणजे काय हे पाहिले पाहिजे, नाहीतर पुढची हकीकत नीट कळणार नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या शेतांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना राबवले जात असे. 1865 मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, पण गरिबी आणि अपमान संपले नाहीत. त्या लोकांच्या कामाच्या गाण्यांतून, प्रार्थनेतून आणि एकटेपणातून ब्लूज हे गाणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आले. आपल्या बेटावर 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि गुलामांच्या वंशजांनी सेगा आपल्याला दिला. रावान हातात घेऊन ज्याने सेगा ऐकला आहे, त्याला ब्लूजचे मूळ समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही गाण्यांत दुःख आहे, आणि दोन्ही गाणी ऐकताना पाय हलतात.

पुढे हे लोक कामाच्या शोधात उत्तरेकडील शिकागोसारख्या शहरांत गेले. तेथल्या गजबजाटात साध्या गिटारचा आवाज ऐकू जाईना, म्हणून विजेवर चालणारी गिटार आली, ढोल आले, ठेका जोरकस झाला. काळ्या लोकांच्या या नव्या नाचत्या संगीताला 1949 मध्ये अमेरिकेतील एका संगीतविषयक साप्ताहिकाने आपल्या यादीत रिदम अँड ब्लूज हे नाव दिले. रिदम म्हणजे ठेका.

या संगीताची बांधणी फार सोपी आहे. एका कडव्याची बारा घरे असतात आणि प्रत्येक घरात चार ठोके. गायक पहिली ओळ म्हणतो, तीच ओळ पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. एकेका ओळीला चार घरे मिळतात, आणि ओळ संपून उरलेल्या जागेत वाद्य बोलते. साथीला मुख्यतः तीनच स्वरसमूह लागतात, आणि ते कोणत्या घरात बदलायचे हे ठरलेले असते. म्हणजे एकमेकांना कधीही न भेटलेले पाच वादक एकत्र आले, कोणत्या पट्टीत वाजवायचे हे एकाने सांगितले आणि पायाने वेग दाखवला, की लगेच सुरुवात करता येते. आपल्या झाकरीत ज्याला धुंवा ठाऊक आहे तो कोणत्याही गावच्या घोळक्यात मिसळून जातो, तसाच हा प्रकार. चौकट सर्वांची आणि तिच्यात भरायचा रंग ज्याचा त्याचा. कॉर्नर यांच्या वाद्यवृंदात माणसे सारखी बदलत असूनही गाणे कसे चालत राही, याचे उत्तर या बारा घरांत आहे.

सोहोमधील माडीवरची खोली

1950 नंतरच्या काळात कॉर्नर यांना एक जोडीदार मिळाला. त्यांचे नाव सिरिल डेव्हिस. ठोकर लागलेल्या मोटारींचे पत्रे सरळ करणे हा त्यांचा धंदा. दिवसभर हातोडा चालवायचा आणि रात्री माउथ ऑर्गन वाजवायचा. ज्या वाद्याला पुष्कळ लोक मुलांचे खेळणे समजत, त्यातून डेव्हिस रडणे, हसणे आणि आगगाडीचा आवाज काढीत. स्वभावाने ते कडक आणि थोडक्यात बोलणारे. कॉर्नर मोकळे आणि बोलके. दोघांत साम्य एकच, ते म्हणजे ब्लूजचे वेड.

1957 मध्ये या दोघांनी लंडनच्या सोहो भागात, वॉर्डर स्ट्रीटवरील राउंडहाउस नावाच्या मद्यगृहाच्या माडीवर ब्लूजचा क्लब सुरू केला. त्या वेळी इंग्लंडमध्ये या संगीताला विचारणारे लोक मूठभर होते. तरीही अमेरिकेतून आलेले बिग बिल ब्रून्झी, मेम्फिस स्लिम, चॅम्पियन जॅक ड्युप्री यांच्यासारखे मोठे कलावंत लंडनच्या ब्लूजप्रेमींना भेटत आणि त्यांच्यासमोर गात. एखादा तरुण त्यांच्या बोटांकडे टक लावून पाहत बसे. पुस्तकातून न मिळणारे शिक्षण तेथे मिळत असे.

1958 मध्ये ख्रिस बार्बर यांनी शिकागोचे मडी वॉटर्स यांना इंग्लंडच्या दौऱ्यावर आणले. ते विजेची गिटार घेऊन आले. शेतमजुराचे साधे गाणे ऐकायला मिळेल या अपेक्षेने आलेल्या अनेकांना तो मोठा आवाज खटकला. कॉर्नर आणि डेव्हिस यांना मात्र त्यात पुढचा रस्ता दिसला. त्यांनीही आपल्या वाद्यांना ध्वनिवर्धक जोडले. परिणाम असा झाला की राउंडहाउसमधील त्यांची जागा गेली. जाझ क्लबांतही विजेच्या गिटारला त्या वेळी मान नव्हता. 1961 मध्ये त्यांनी ब्लूज इन्कॉर्पोरेटेड हा वाद्यवृंद उभा केला, पण त्याला वाजवायला ठिकाण नव्हते.

ईलिंगचे तळघर

लंडनच्या पश्चिमेला ईलिंग नावाचे उपनगर आहे. तेथील रेल्वे स्थानकाच्या समोर, चहाच्या दुकानाशेजारच्या पायऱ्या उतरून गेले की एक लहान तळघर लागे. 17 मार्च 1962, शनिवार, या दिवशी तेथे कॉर्नर आणि डेव्हिस यांनी आपला साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. जागा अगदी साधी. दोनशेच्या आसपास माणसे आत शिरली की श्वास घ्यायला जागा उरत नसे. छताला ओल येई आणि पाणी खाली टपके. वादकांच्या डोक्यावर ताडपत्री बांधावी लागे, कारण खाली विजेची यंत्रे होती आणि धक्का बसण्याची भीती होती. आपल्याकडे मांडवावर पाऊस आला की ताडपत्रीसाठी जी धावपळ होते, ती तेथे दर शनिवारी छताखालीच होत असे.

या तळघराची बातमी कानोकानी पसरली. न्यूकॅसलहून एरिक बर्डन आले, ऑक्सफर्डहून पॉल जोन्स आले. चेल्टनहॅम गावातून ब्रायन जोन्स नावाचा तरुण आला. कॉर्नर यांनी त्याला त्याच्या गावीच ऐकले होते आणि आपल्या घराचा पत्ता दिला होता. 7 एप्रिल 1962 रोजी लंडनच्या दुसऱ्या टोकाच्या डार्टफर्डहून आलेले दोन मित्र श्रोत्यांत उभे होते. एक अर्थशास्त्राचा विद्यार्थी, दुसरा चित्रकलेच्या शाळेतला. त्यांनी ब्रायन जोन्स यांना गिटारच्या तारांवर नळी सरकवत वाजवताना पाहिले आणि ते थक्क झाले. त्या मित्रांची नावे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स. त्या वेळी ढोल वाजवीत होते चार्ली वॉट्स. ते जाहिरातीच्या कचेरीत चित्रे काढण्याचे काम करीत आणि रात्री ढोल वाजवीत. पुढे रोलिंग स्टोन्स म्हणून जगाने ज्यांना ओळखले, त्यांतील चौघे अशा रीतीने एका ओल्या तळघरात, एका छताखाली होते.

पण कॉर्नर यांना पुढचे काय ठाऊक? त्यांच्यापुढे होती ती धडपडणारी मुले. एखादा लाजत जवळ येऊन मला एक गाणे म्हणू द्याल का असे विचारी, आणि कॉर्नर त्याला वर बोलावीत. चुकला तर त्याच्यासाठी साथ सांभाळून घेत. जॅगर अशाच रीतीने त्यांच्या वाद्यवृंदाबरोबर गाऊ लागले. सहा फुटांहून उंच लाँग जॉन बॉल्ड्री गात. जॅक ब्रूस हे स्कॉटलंडचे. त्यांनी तेथे चेलो या वाद्याचे शास्त्रीय शिक्षण घेतले होते, येथे ते मोठा उभा बेस वाजवीत. डिक हेक्स्टॉल-स्मिथ यांचा सॅक्सोफोन जाझमधून आला होता. वॉट्स यांनी जागा सोडली तेव्हा त्यांनीच आपल्या जागी जिंजर बेकर यांचे नाव सुचवले, कारण बेकर आपल्यापेक्षा चांगले वाजवतात असे त्यांना वाटत होते. ज्या मेळ्यात माणूस स्वतःची जागा अशी दुसऱ्याला देतो, तेथील हवा कशी असेल, वाचकहो, याचा विचार करा.

एका गुरुवारची गोष्ट

3 मे 1962 पासून मध्य लंडनमधील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मार्की क्लबने दर गुरुवारची रात्र ब्लूज इन्कॉर्पोरेटेडला दिली. हा जाझचा नावाजलेला क्लब. काही आठवड्यांतच तेथे गर्दी मावेनाशी झाली. 8 जून रोजी त्यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि नोव्हेंबरमध्ये ती मोठी तबकडी बाजारात आली. तिच्या नावात मार्की क्लब आहे, पण ध्वनिमुद्रण झाले डेका कंपनीच्या स्टुडिओत. ब्रिटिश वादकांच्या रिदम अँड ब्लूजच्या पहिल्या मोठ्या तबकड्यांत तिची गणना होते.

जुलै महिन्यात बी.बी.सी. रेडिओने त्यांना जाझच्या कार्यक्रमासाठी बोलावले. तारीख होती 12 जुलै, वार गुरुवार, म्हणजे नेमकी मार्कीची रात्र. शिवाय बी.बी.सी. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त कलावंतांचे पैसे देण्यास तयार नव्हती. एक माणूस कमी करणे भाग पडले आणि जॅगर मागे राहिले. तेव्हा मार्कीची रिकामी रात्र बॉल्ड्री आणि जॅगर यांच्या मंडळीने भरून काढावी असे ठरले. जॅगर, रिचर्ड्स आणि ब्रायन जोन्स यांनी आपले सोबती गोळा केले, एक नाव घेतले आणि ते व्यासपीठावर उभे राहिले. रोलिंग स्टोन्स या नावाने झालेला हा पहिला कार्यक्रम. गुरूची गैरहजेरी हीच शिष्याची पहिली संधी ठरली.

शुद्ध की मिश्र

या यशाबरोबरच एक दुखणे वाढत होते. सिरिल डेव्हिस यांना शिकागोचे ब्लूज जसे होते तसे हवे होते. माउथ ऑर्गन, गिटार, पियानो, बेस आणि ढोल, बस्स. सॅक्सोफोन त्यांना नको होते. त्यांचे म्हणणे असे की आपण जे दुसऱ्यांकडून घेतले ते प्रामाणिकपणे जपावे, नाहीतर त्याचे काही भलतेच होऊन बसेल. कॉर्नर यांना वाटे की जाझ आणि ब्लूज ही एकाच घरातली भावंडे आहेत, जो येईल त्याने आपले आणावे आणि गाणे वाढावे. 1962 च्या अखेरीस डेव्हिस बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला.

या दोघांत बरोबर कोण? आम्ही शिक्षक माणसे, अशा प्रश्नावर चटकन खूण करण्याची आम्हांला सवय. पण येथे लाल पेन्सिल थांबते. डेव्हिस यांच्यासारखे कडक लोक नसते तर त्या तरुणांना मूळ ब्लूजची खरी चव कधी कळली नसती. आणि कॉर्नर यांच्यासारखे मोकळे लोक नसते तर ते ब्लूज दहा-वीस वेड्यांच्या खोलीतच राहिले असते. समुद्र ओलांडून आलेल्या गाण्याला दोन्ही प्रकारची माणसे लागतात. झाकरीत नवे वाद्य चालेल की नाही यावरून आपल्या गावांतही वाद होतातच. वाद व्हावेत, पण वाद घालणाऱ्या दोघांनीही गाणे सोडू नये. या दोघांनी ते सोडले नाही. पण काळ निर्दय ठरला. 7 जानेवारी 1964 रोजी सिरिल डेव्हिस वारले. त्यांचे वय फक्त 31 वर्षांचे होते. ज्या लाटेसाठी त्यांनी रस्ता खणला, ती लाट किती दूर जाते हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

शिष्य पुढे गेले

डेव्हिस गेल्यावर आणखी माणसे गेली. 1963 च्या सुरुवातीला ग्रॅहम बाँड, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर एकत्र बाहेर पडले. पुढे 1966 मध्ये ब्रूस आणि बेकर यांनी एरिक क्लॅप्टन यांच्याबरोबर क्रीम हा जगप्रसिद्ध त्रिकुटाचा वाद्यवृंद काढला. वॉट्स 1963 च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्समध्ये गेले आणि 2021 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. पॉल जोन्स आणि एरिक बर्डन यांची गाणी 1964 मध्ये घराघरांत पोचली. मँचेस्टरकडे राहणाऱ्या जॉन मेयॉल यांना लंडनला या असा आग्रह कॉर्नर यांनीच केला होता. मेयॉल यांचा वाद्यवृंद पुढे गिटारवादकांची दुसरी शाळा झाला.

कॉर्नर मागे राहिले. त्यांनी पुन्हा नवी माणसे जमवली. अमेरिकन गायक रॉनी जोन्स आणि हर्बी गॉइन्स त्यांच्याकडे गायले. डॅनी टॉम्पसन आणि टेरी कॉक्स आले, शिकले, आणि 1967 मध्ये पेंटँगल या वाद्यवृंदात गेले. 1966 च्या सुमारास ब्लूज इन्कॉर्पोरेटेडचा प्रवास थांबला. ज्या संगीताला त्यांनी लंडनमध्ये जागा मिळवून दिली, त्या संगीतावर इतर लोक मोठमोठ्या सभागृहांत गर्दी खेचत होते. आणि कॉर्नर दूरदर्शनवरील मुलांच्या कार्यक्रमात वाद्यवृंद चालवून संसाराला हातभार लावीत होते. आपल्या हाताखालून गेलेली माणसे विमानाने देशोदेशी जाताना पाहणे सोपे नसते. मन कडवट व्हायला एवढे पुरे असते.

पण त्यांचे दार बंद झाले नाही. 1968 मध्ये त्यांनी रॉबर्ट प्लांट या तरुण गायकाला बरोबर घेऊन काही गाणी केली. थोड्याच दिवसांत प्लांट लेड झेपेलिनमध्ये गेले. त्याच वर्षी आपल्या मुलीच्या ओळखीच्या अँडी फ्रेझर या पंधरा वर्षांच्या बेसवादकाला त्यांनी पुढे आणले. फ्रेझर ज्या नव्या वाद्यवृंदात शिरला त्याला फ्री हे नाव कॉर्नर यांनीच दिले. पुन्हा तेच. एक मुलगा दारात उभा राहतो, कॉर्नर त्याला आत घेतात, आणि तो मोठा होऊन निघून जातो.

संध्याकाळचे दिवस

5 जुलै 1969 रोजी रोलिंग स्टोन्सनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये प्रचंड समुदायासमोर मोफत कार्यक्रम केला. त्या दिवशी तेथे कॉर्नर यांचा न्यू चर्च हा नवा वाद्यवृंदही वाजला. दोन दिवसांपूर्वीच ब्रायन जोन्स यांचा मृत्यू झाला होता. चेल्टनहॅमहून आलेल्या ज्या तरुणाला कॉर्नर यांनी घरी जागा दिली होती, तो वयाच्या 27 व्या वर्षी गेला.

1970 नंतर कॉर्नर यांना स्वतःलाही थोडे लौकिक यश मिळाले. सी.सी.एस. या मोठ्या वाद्यवृंदात ते गात. त्यांनी केलेली लेड झेपेलिनच्या एका गाण्याची नवी आवृत्ती गाजली, आणि तिचीच चाल बी.बी.सी.च्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक दूरदर्शन कार्यक्रमाला अनेक वर्षे लावली गेली. म्हणजे ज्यांना त्यांचे नाव माहीत नव्हते अशा लाखो घरांत दर आठवड्याला ती धून वाजत असे. त्यांचा आवाज धुराने खरवडल्यासारखा, घोगरा आणि सावकाश. त्या आवाजाला जाहिरातींत मागणी आली, आणि रेडिओवर तर तो फार शोभला. 1977 पासून काही वर्षे त्यांनी बी.बी.सी. रेडिओवर ब्लूजचा कार्यक्रम सादर केला. ज्या काळ्या कलावंतांच्या गाण्यांवर गोऱ्या तरुणांनी नाव आणि पैसा मिळवला, त्या मूळ कलावंतांची नावे आणि त्यांच्या तबकड्या ते श्रोत्यांपुढे ठेवीत. ऋण घेतले असेल तर धनकोचे नाव सांगितले पाहिजे, हा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

1978 मध्ये त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मित्र आणि शिष्य जमले आणि एरिक क्लॅप्टन यांच्यासह सर्वांनी मिळून वाजवले. 1981 मध्ये रॉकेट 88 या मंडळाच्या तबकडीवर चार्ली वॉट्स, जॅक ब्रूस आणि कॉर्नर पुन्हा एकत्र ऐकू आले. रोलिंग स्टोन्सच्या पहिल्या दिवसांपासूनचे पियानोवादक इयन स्ट्युअर्ट त्यात होते. सगळे मिळून वाजवीत होते ते संगीत बूगी-वूगी, म्हणजे बाराव्या वर्षी बाँबच्या आवाजात कॉर्नर यांनी ऐकलेल्या जिमी यान्सी यांचा तोच फिरता ठेका.

कॉर्नर यांना धूम्रपानाचे व्यसन होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने 1 जानेवारी 1984 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय 55 वर्षे. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी हे घोगरे सूर थांबले.

या जीवनाचा अर्थ

हिशेबाच्या वहीत मांडले तर कॉर्नर यांच्या नावावर फार मोठी रक्कम दिसणार नाही. त्यांच्यापेक्षा चांगले गिटारवादक पुष्कळ झाले, चांगले गायकही झाले. स्वतः त्यांनाही हे ठाऊक असावे, कारण आपल्यापेक्षा सरस माणसाला शेजारी उभे करायला ते कधी घाबरले नाहीत. सहसा उलट घडते. मंडळाचा प्रमुख आपल्याहून सुरेल आवाजाला मागच्या रांगेत बसवतो. कॉर्नर त्याला माइकपुढे आणीत, आणि तो सोडून गेला की त्याच्या रिकाम्या जागेवर पुढचा मुलगा बोलावीत.

आम्हांला वाटते की शिकवणे म्हणजे हेच. मुलाला आपल्याजवळ ठेवणे हा शिक्षकाचा हक्क नाही. दरवर्षी सहावीचा वर्ग शाळा सोडून जातो आणि नव्या वर्षी लहान मुले पिशव्या घेऊन दारात उभी राहतात. ज्याला त्या जाण्याचे दुःख सोसत नाही आणि त्या येण्याचा कंटाळा येतो, त्याने हे काम करू नये. गावातील झाकरी, भजनी मंडळ किंवा नाटकमंडळी चालवणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनाही हे लागू आहे. सरावाच्या वेळी खिडकीतून डोकावणारे एखादे पोर असतेच. त्याला टाळ द्यावेत की हाकलून द्यावे, एवढाच प्रश्न असतो.

ईलिंगच्या त्या पहिल्या रात्रीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 17 मार्च 2012 रोजी, त्या तळघराच्या जागी निळी पाटी लावण्यात आली. त्या वेळी चार्ली वॉट्स तेथे आले होते. जगातील सर्वांत मोठ्या मैदानांत वाजवलेला हा माणूस, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, पुन्हा त्याच रेल्वे स्थानकासमोर येऊन उभा राहिला. ज्या जागी आपल्याला कोणी पहिल्यांदा आत बोलावले, ती जागा माणूस विसरत नाही.